एफडी मोडायची की घडी?

ताई, तुम्ही विचारलंय की लेकीचं लग्न फेब्रुवारीत आहे, येवल्याला 68 हजारांची पैठणी बघून ठेवलीय, त्यासाठी 2 लाखांची एफडी मोडू का. आणि शेवटी जाताजाता लिहिलंय, कपाटात दोन पैठण्या आहेत पण त्या ठेवणीतल्या. मी त्या शेवटच्या वाक्यापाशीच अडकले.

एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की जितके दिवस पैसे राहिले तेवढ्याच दिवसांचा दर मिळतो, वर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात, पण तो तोटा किरकोळ. खरी अडचण ही की अडीनडीला तुमच्याकडे दुसरं काहीच नाही, मिस्टर दोन वर्षांत रिटायर होतायत आणि लग्नघरात ऐनवेळचे खर्च निघतातच. तेव्हा कमी पडलं तर याच एफडीवर लोन घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं. साडीसाठी मात्र तेही नको.

पैठणी म्हणजे इन्व्हेस्टमेंट असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. जुनी साडी घेणारा जरीतली चांदी बघतो, विणकराच्या महिनोन् महिन्यांच्या कामाचा रुपया देत नाही, आणि ती जरच 'टेस्टेड', म्हणजे नकली, निघाली तर तेवढंही नाही.

माझ्या आईची डाळिंबी पैठणी होती, लग्नानंतर दोनदा नेसली असेल, बाकी वर्षं ट्रंकेत, "चांगल्या दिवशी नेसू" म्हणून. माझ्या भावाच्या लग्नात काढली आणि निऱ्या घालताना घडीवरच चरकन फाटली, जर काळी पडलेली. आई त्या दिवशी सुती काठाची साडी नेसून मांडवात उभी होती, मला अजून दिसतं ते.

तर आजच दोन्ही काढा, उजेडात घडीवर बोट फिरवून बघा, चिरलीय का. मग वेगळ्या रेषेवर घडी घाला, मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. एक संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसा, दुसरी लग्नात, फक्त ब्लाउज नवीन शिवा.

येवल्याची हवीच असेल तर लग्नानंतर महिना 5,000 ची आरडी लावा, वर्षाने 62 हजारांच्या आसपास होतील, तेव्हा वर थोडे घालून मनासारखी घ्या. पण घेतली की त्याच महिन्यात घडी मोडायची, हे मला कबूल करा.