प्रश्न आपले, उत्तर आमचे : एक गाणे, अनेक रात्री

प्रश्न : एका मित्राच्या आग्रहामुळे मी 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन रॉक बँडचे दोन अल्बम ऐकले. गाणी चांगली वाटली, परंतु या बँडसाठी माणसे आयुष्यभर वेडी का होतात, ते मात्र कळले नाही. खरा बँड मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत सापडतो, असे मित्र म्हणतो. पण त्या मैफली दोन हजारांहून अधिक आहेत. एवढ्या पसाऱ्यात शिरायचे कोठून? शिवाय एकाच गाण्याचा वीस-वीस मिनिटांचा विस्तार मला दिशाहीन वाटतो. त्यात ऐकायचे तरी काय?

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे आणि आपली अडचणही खरी आहे. 1965 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा बँड 1995 च्या ऑगस्टमध्ये त्याचे प्रमुख गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, वाजवत राहिला आणि त्या काळात त्याने सुमारे 2,300 मैफली केल्या. आपण कोणते अल्बम ऐकलेत ते लिहिलेले नाही. परंतु बहुतेकांची सुरुवात 1970 च्या 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी' यांपासून होते. गीतकार रॉबर्ट हंटर यांच्या शब्दांसाठी ते दोन्ही अल्बम मला आजही जवळचे वाटतात. तरीही त्यांत आपल्याला बंदिशी कळतात, मैफल कळत नाही.

सगळ्या मैफली क्रमाने ऐकण्याचा संकल्प कृपया करू नका. त्या वाटेने गेलेले बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत थकून थांबतात. त्याऐवजी एकच गाणे निवडावे आणि ते वेगवेगळ्या रात्रींचे ऐकत राहावे. मी 'डार्क स्टार' सुचवीन. 1968 मध्ये ते एकल तबकडी म्हणून निघाले, तेव्हा ते तीन मिनिटांचेही नव्हते. 27 फेब्रुवारी 1969 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये वाजवलेले तेच गाणे 'लाइव्ह/डेड' या अल्बमवर आहे आणि तेथे ते तेवीस मिनिटे चालते. पुढे 27 ऑगस्ट 1972 रोजी ओरेगनमधील व्हेनेटा येथे, रणरणत्या उन्हात झालेल्या मैफलीत, ते अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. ही तीन रूपे एकाच आठवड्यात, पुन्हा पुन्हा ऐका. शब्द तेच आणि मुखडाही तोच असताना मधला सगळा प्रदेश प्रत्येक वेळी नव्याने कसा शोधला जातो, हे एकदा कानांना उमगले की उरलेल्या मैफली ओझे वाटत नाहीत.

'दिशाहीन' या आपल्या शब्दाकडे मी मुद्दाम अधिक वेळ देतो, कारण चाहता होणे आणि न होणे यांतला फरक बहुधा तेथेच असतो. रॉकमध्ये आपल्याला एका सवयीने ऐकायला शिकवलेले असते : गिटारवादक पुढे येतो, सोलो वाजवतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. या बँडमध्ये साथ आणि मुख्य वादन अशी वाटणी फारशी टिकत नाही. बेस वाजवणारे फिल लेश मूळचे ट्रम्पेटवादक. मिल्स कॉलेजमध्ये त्यांनी इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांच्याकडे आधुनिक संगीतरचनेचे धडे घेतले होते. त्यामुळे त्यांचा बेस खालून आधार देण्यापेक्षा गार्सिया यांच्या गिटारशी स्वतंत्र संवादच अधिक करतो. बॉब वीअर यांची रिदम गिटारही तालाला धरून ठोके देत बसत नाही. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चमूतील पियानोवादक मॅकॉय टायनर यांचा डावा हात आपण डोळ्यांसमोर ठेवला, असे वीअर यांनी सांगितलेले आहे, आणि ते ध्यानात ठेवून ऐकले तर त्यांच्या तुटक, अनपेक्षित कॉर्ड्सचा अर्थ लागतो. 1967 मध्ये बँडमध्ये आलेले दुसरे ड्रमवादक मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले. 'लाइव्ह/डेड'वर 'डार्क स्टार'नंतर काही वेळातच अकरा मात्रांचे जे 'द इलेव्हन' येते, ते ऐकताना हे धडे कोठवर पोहोचले होते ते जाणवते.

मी स्वतः पहिली दोन वर्षे गार्सिया यांच्या गिटारपलीकडे काहीच ऐकत नव्हतो. मग एके संध्याकाळी, व्हेनेटाचेच ध्वनिमुद्रण लावून, केवळ लेश यांच्या बेसमागे जायचे ठरवले, आणि ज्या भागात काहीच घडत नाही असे मला वाटत आले होते, तेथे दोघे एकमेकांचे वाक्य अर्ध्यावर उचलून पुढे नेत आहेत हे ऐकू आले. त्या दिवशी मी चाहता झालो, असे मी मानतो. आपणही एका बैठकीत एकच वाद्य धरून पाहा.

दुसरी लक्ष देण्याची जागा म्हणजे सांधा. मैफलीच्या दुसऱ्या सत्रात हा बँड बहुधा गाणी न थांबता एकातून दुसऱ्यात नेत असे, आणि नेमक्या कोणत्या क्षणी पहिले गाणे संपून दुसरे सुरू झाले, हे सांगणे पुष्कळदा अवघड असते. 8 मे 1977 च्या कॉर्नेल विद्यापीठातील बार्टन हॉलच्या मैफलीत 'स्कारलेट बेगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये होणारे संक्रमण त्यासाठी ऐकावे. ही मैफल आणि व्हेनेटाची मैफल शेजारी ठेवली तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. 1971 ते 1974 या काळात हार्ट बँडबाहेर होते, त्यामुळे व्हेनेटात बिल क्रॉइट्समन एकटेच ड्रमवर आहेत आणि सगळा चमू चपळपणे वळणे घेतो. कॉर्नेलमध्ये दोन ड्रमवादक असल्याने लय अधिक भारदस्त आणि संथ झालेली आहे. कोणते रूप श्रेष्ठ, यावर जुने चाहते अजून वाद घालतात. मला 1972 अधिक आवडते.

सगळ्याच रात्री चांगल्या नाहीत, याचीही तयारी ठेवा. 1969 च्या वुडस्टॉक महोत्सवात, ओल्या मंचावर विजेचे झटके खात, बँडने केलेले वादन वाईट झाले, असे खुद्द वादकांनीच पुढे सांगितले. जो चमू आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची जोखीम दर रात्री पत्करतो, त्याला काही रात्री काही सुचणारही नाही. अशा मैफली टाळण्याचे कारण नाही; कित्येकदा चाचपडण्यात गेलेल्या पाऊण तासानंतर अचानक दोन मिनिटे अशी येतात, की ती आधीच्या चाचपडण्याशिवाय आलीच नसती.

प्रश्न : या बँडची बरीच ध्वनिमुद्रणे श्रोत्यांनीच केलेली आहेत, असे वाचले. ती ऐकणे म्हणजे कलावंताचा हक्क बुडवणे नव्हे काय?

उत्तर : शंका योग्य आहे, पण येथे कलावंतांनी स्वतःच परवानगी दिली होती. श्रोते पूर्वीपासून ध्वनिमुद्रण करत असत आणि बँड त्याकडे दुर्लक्ष करी. 1984 पासून तर अशा श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखली जाऊ लागली. अट एवढीच, की त्यातून पैसा कमवायचा नाही. टेपच्या बदल्यात टेप द्यायची, हा संकेत चाहत्यांनी बहुतांशी निष्ठेने पाळला. अशाच टेपसंग्राहकांपैकी एक असलेले डिक लाटव्हाला पुढे बँडच्या संग्रहाचे काम पाहू लागले आणि 1993 मध्ये सुरू झालेल्या ज्या अधिकृत मालिकेला त्यांचे नाव आहे, ती छत्तीस भागांपर्यंत गेली. कॉर्नेलच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी केले होते. त्याच्या प्रती चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे हातोहात फिरल्या आणि अधिकृत प्रकाशन 2017 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी झाले. आपल्याला दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे मिळाली, तर मैफलीच्या ध्वनिमिश्रण यंत्रातून (मिक्सरमधून) थेट घेतलेल्या स्वच्छ मुद्रणापासून सुरुवात करा, कारण त्यात प्रत्येक वाद्य वेगळे ओळखू येते. श्रोत्यांमध्ये बसून केलेले मुद्रण त्यानंतर ऐका. त्यात बेस थोडा पुसट येतो, पण ओळखीचा मुखडा परत येताच सभागृहात उठणारा आवाज तेथेच ऐकायला मिळतो.