एडिट केलेला व्हिडिओ एक्सपोर्ट करताना क्वालिटी कशी वाचवायची?

तुमचा प्रश्न असा आहे की मोबाईलवर शूट केलेला व्हिडिओ मूळ फाइलमध्ये लख्ख दिसतो, पण एडिट करून एक्सपोर्ट केला की धूसर होतो, हलत्या भागात चौकोन दिसतात आणि बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा द्यायचा तो आकडा) वाढवूनही फरक पडत नाही. मला आधी एवढंच सांगा: मूळ फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत तो किती वेळा एक्सपोर्ट झाला?

हे विचारतोय, कारण माझा एक व्हिडिओ असाच गेला. पावसाचा होता. एका ॲपमध्ये नको तो भाग कापून एक्सपोर्ट केला, दुसऱ्यात रंग सुधारून परत एक्सपोर्ट, तिसऱ्यात नावं आणि संगीत टाकून पुन्हा एकदा. दर वेळी नजरेला ठीकच वाटलं. नंतर मूळ शूटचा एक स्क्रीनशॉट सापडला, तो शेजारी ठेवून पाहिलं, तर पानांचा हिरवा लगदा झाला होता आणि पावसाच्या रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. मूळ फाइल तोवर मी जागा करायला डिलीट केली होती. त्याची हळहळ अजून आहे.

असं होतं, कारण एच.२६४ सारखे कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) फाइल लहान करण्यासाठी माहिती कायमची टाकून देतात. चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, डोळ्याला कमी जाणवेल तो तपशील सोडायचा आणि पुढच्या फ्रेम्समध्ये बहुतेक करून फक्त बदल नोंदवायचा. माणूस भिंतीपुढे बसून बोलत असेल तर हे छान जमतं. पाऊस, धूर, वाहतं पाणी असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये जवळपास सगळंच बदलतं, बिट्स पुरत नाहीत आणि चौकोन उघडे पडतात. एकदा गेलेला तपशील पुढच्या एक्सपोर्टला कितीही बिटरेट दिला तरी परत येत नाही. उलट ते चौकोनच नीट जपले जातात.

म्हणून कापणं, रंग, अक्षरं, आवाज हे सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये करा आणि मूळ फाइलवरून एकदाच एक्सपोर्ट करा. दोन सॉफ्टवेअर वापरावीच लागली, तर मधली फाइल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या, कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये काढा. जागा भरपूर खाते (प्रोरेस ४२२ एचक्यू, १०८०पी, ३० फ्रेम्सला मिनिटाला दीड जीबीच्या वर), पण झीज नगण्य होते. नुसतं मागचं-पुढचं कापायचं असेल तर लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर वापरा. ते व्हिडिओ पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे नव्याने दाबत नाही. फक्त काप की-फ्रेमवर (पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) बसतो, त्यामुळे थोडा पुढेमागे होऊ शकतो.

टाइमलाइनचं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट शूटिंगचाच ठेवा. १०८०पी चं ४के करून नवा तपशील येत नाही. प्रॉक्सी (एडिटिंग हलकं व्हावं म्हणून काढलेल्या छोट्या प्रती) वापरून एडिट केलं असेल, तर एक्सपोर्ट मूळ फाइल्सवरूनच होतोय ना, हे बघा.

बिटरेटसाठी यूट्यूबची शिफारस धरून चाला: १०८०पी, ३० फ्रेम्सला ८ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद), ६० फ्रेम्सला १२, आणि ४के, ३० फ्रेम्सला ३५ ते ४५. ८ एमबीपीएसने दहा मिनिटांची फाइल साधारण ६०० एमबी होते. मी स्वतः याच्या दुप्पट देतो, कारण यूट्यूब ती फाइल पुन्हा एन्कोड करतंच, मग त्याला चांगला माल तरी मिळावा. सीआरएफचा (ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक क्वालिटी धरायचा) पर्याय असेल तर १८ च्या आसपास ठेवा. आकडा जितका कमी, तितकी क्वालिटी जास्त.

लाल अक्षरांच्या कडा फिसकटत असतील, तर बिटरेटमागे लागू नका. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलमध्ये रंगाचा एकच नमुना साठवला जातो, उजेड मात्र प्रत्येक पिक्सेलचा. पांढरी अक्षरं म्हणूनच रेखीव दिसतात.

व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबवर टाकल्या टाकल्या निकाल लावू नका, एचडी आवृत्ती तयार व्हायला वेळ लागतो.

आता आधीच्या एक्सपोर्टवर काम करू नका, मूळ फाइल घ्या. त्यातला सगळ्यात जास्त हालचालीचा दहा सेकंदांचा तुकडा आधी एक्सपोर्ट करा आणि दोन्ही शेजारी ठेवून १०० टक्के झूमवर पाहा. तिथे चौकोन दिसले, तर बिटरेट वाढवायची वेळ तेव्हा येते.