'टेल हर' की 'टेलर'? इंग्रजी ऐकताना हरवणारी सर्वनामं

प्रश्न असा आहे: इंग्रजी संभाषणात 'आयल टेलर टुमॉरो' असं वाक्य ऐकू आलं आणि हा टेलर कोण ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. मालिका असो की परदेशातल्या ऑफिसबरोबरचा कॉल, 'ही', 'हिम', 'हर' ऐकूच येत नाहीत आणि भलतीच नावं ऐकू येतात, असं का?

टेलर कोणी नाहीच. वाक्य आहे 'आय विल टेल हर टुमॉरो', म्हणजे मी तिला उद्या सांगेन. 'हर'मधला 'ह' गळाला आणि उरलेलं 'अर' मागच्या 'टेल'ला चिकटलं. याला बोलणाऱ्याचा आळस किंवा अशुद्ध उच्चार समजू नये. ही, हिम, हिज, हर ही सर्वनामं वाक्याच्या सुरुवातीला नसतील आणि त्यांच्यावर जोर नसेल, तर सुशिक्षित, शिष्ट इंग्रजीतही त्यांचा 'ह' सर्रास जातो. आपण शाळेत प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण म्हणायला शिकतो, त्यामुळे कान 'टेल-हर'ची वाट बघत बसतो आणि ते कधी येतच नाही. त्यात 'टेल'मधला ऱ्हस्व ए आणि टेलर या नावातला 'एइ'सारखा लांब स्वर हा फरक इंग्रजांना स्पष्ट कळतो. मराठीत दोन्हींसाठी एकच 'ए' असल्याने आपल्याला तो सहसा जाणवत नाही.

पण खरी अडचण उच्चाराच्याही आधीची आहे. मराठीत सर्वनाम गाळलं तरी काही बिघडत नाही. 'काल भेटली होती, म्हणाली, उद्या येते' या वाक्यात एकही सर्वनाम नाही, तरी बोलणं बाईबद्दल चाललंय हे 'भेटली', 'म्हणाली' आणि 'येते' या तिन्ही ठिकाणी कळतं. इंग्रजी 'केम' मात्र तो, ती, ते सगळ्यांना सारखंच. सॅम, ॲलेक्स, क्रिस ही नावं तर पुरुषाचीही असतात आणि बाईचीही. तिथे लिंग कळायची जागा एकच, सर्वनाम. आणि नेमकं तेच वाक्यातलं सगळ्यात दुबळं अक्षर. आपला कान मात्र सवयीने क्रियापदाचा शेवट शोधत असतो.

म्हणून 'ह' ऐकायचा नाद सोडावा आणि त्याच्या आधीच्या व्यंजनाचं काय होतं ते ऐकावं. 'इज ही बिझी?' हे बोलण्यात 'इझी बिझी?' होतं. 'इज शी बिझी?' मात्र 'इश्शी बिझी?' होतं, कारण पुढच्या 'श'मुळे आधीचा 'झ'ही 'श' बनतो. तसंच 'वझी' म्हणजे वॉज ही, 'वश्शी' म्हणजे वॉज शी. 'डझी' म्हणजे डज ही, 'डश्शी' म्हणजे डज शी. तो की ती याचा निकाल इथे 'झ' की 'श्श' यावर लागतो. एवढं एक जरी कानात बसलं तरी प्रश्नार्थक वाक्यांतला मोठा गोंधळ मिटतो.

कर्माच्या जागी शेपूट ऐकायचं. 'टेलिम' म्हणजे टेल हिम, 'टेलम' म्हणजे टेल देम, 'टेलर' म्हणजे टेल हर. ब्रिटिश बोलण्यात शेवटचा 'र' बहुधा म्हणत नाहीत, तिथे फक्त 'टेला'सारखं काहीतरी उरतं. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तरच 'र' परत येतो. 'देम'चं हे 'अम' रूप जुनं आहे. ते 'देम'वरून आलेलं नसून मध्ययुगीन इंग्रजीतल्या 'हेम' या सर्वनामाचं उरलेलं रूप आहे. 'देम' नंतर स्कँडिनेव्हियन भाषेतून आलं. भरभर बोलताना 'इम' आणि 'अम' इतके जवळ येतात की इंग्रजांनाही संदर्भच सांगतो, एकाला की अनेकांना. तिथे स्वतःच्या कानाला दोष देऊ नये.

'हिज' आणखी फसवं. जोर नसला की 'हिज', 'हीज' आणि 'इज' तिन्ही 'इझ' होऊ शकतात. इथे पुढचा शब्द बघायचा. 'इझ'नंतर नाम आलं, जसं 'वॉट्सिझ नेम', तर तिथे 'हिज' आहे. 'गॉन', 'कमिंग' असं काही आलं तर बहुधा 'ही इज' किंवा 'ही हॅज'.

आता नाव कसं ओळखायचं? नावावर सहसा आघात, म्हणजे जोर, असतो, निदान पहिल्यांदा उल्लेख होतो तेव्हा तरी. आणि हॅरी, हेलन यांचा 'ह' प्रमाण इंग्रजीत गळत नाही. लंडनच्या कॉक्नी बोलीत तोही जातो, तेव्हा फक्त आघातावर भिस्त. त्याहून भरवशाची कसोटी व्याकरणाची: ऐकलेला शब्द नाव धरला तर वाक्य पुरं होतं का? 'आयल'नंतर क्रियापद लागतं. टेलर नाव धरलं तर क्रियापदच उरत नाही, म्हणजे ते त्या 'टेलर'मध्येच दडलंय. 'मायकल'चंही असंच. 'मायकल कॉल्ड' म्हणजे मायकलने फोन केला. पण 'मायकल कॉल यू' ऐकू आलं तर ते 'माइक विल कॉल यू' आहे. उच्चार तोच, फरक फक्त पुढच्या क्रियापदाच्या रूपात.

'पिकिमप', 'कॉलरप' अशा गुंत्यातही व्याकरण मदतीला येतं. 'पिक अप'सारख्या जोडीत सर्वनाम नेहमी मध्येच बसतं. 'पिक अप हिम' कोणी म्हणत नाही. त्यामुळे 'पिक' आणि 'अप' यांच्यामध्ये एखादं पुसट अक्षर ऐकू आलं तर ते सर्वनामच. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन 'ड'कडे झुकतो, हेही लक्षात ठेवावं: 'मेट हिम' तिथे 'मेडिम' होतं, आणि 'ॲट देम'चं 'ॲडम' होऊन थेट माणसाचं नाव वाटतं. 'यू'ची तऱ्हा वेगळी, ते मागच्या व्यंजनात मिसळतं: 'डिड यू' चं 'डिजू', 'मीट यू' चं 'मीचू'.

सराव करायचा तर देवनागरीत करावा. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्या, तीनदा ऐका आणि शब्द न तोडता जसं ऐकू येईल तसं लिहा: 'आयल्टेलर्टुमॉरो'. इंग्रजीत लिहायला बसलात की हात आपोआप ओळखीचे शब्द लिहितो आणि खरं काय ऐकलं ते निसटतं. मग जोराची अक्षरं अधोरेखित करा, उरलेल्या अक्षरांत सर्वनामं शोधा, आणि शेवटी लिखित संहितेशी ताडून पाहा. चित्रपटांच्या सबटायटल्सवर विसंबू नका, वाचायला वेळ मिळावा म्हणून त्यांत वाक्यं बऱ्याचदा छाटलेली असतात. शब्दशः संहिता असलेले रेडिओ कार्यक्रम किंवा पॉडकास्ट बरे. वेग कमी करायचाच तर ०.७५ पुरे. ०.५ वर आवाज ताणला जातो आणि बोलण्याची लयच मोडते, आघात मग ओळखू येत नाही. ताडून झालं की तोच तुकडा त्याच चालीत स्वतः मोठ्याने म्हणा. जे तोंडात बसतं ते कानाला लवकर सापडतं.

आणि कॉलवर अडलंच तर नुसतं 'पार्डन?' म्हणू नका, समोरचा तेच वाक्य त्याच वेगात परत म्हणेल. 'सॉरी, टेल हू?' असं विचारा. उत्तरात त्याला एकतर नाव घ्यावं लागतं, नाहीतर 'हर' जोर देऊन, 'ह'सकट म्हणावं लागतं.