बाबा तिथे उंटावर बसतो का?

मस्कत, शुक्रवार दुपार

लाडके बाय,

अनेक आशीर्वाद. आजीनं तुझ्या पत्राचा फोटो काढून पाठवला, तो मोबाइलवर मोठा करकरून वाचला. अक्षर सुधारलंय. शुद्धलेखनाच्या चुका मी मोजल्या नाहीत, बाईंना सांगू नकोस.

तुझे प्रश्न दोन. आजी शेजारच्या काकींना सांगत होती, "आमचा हा तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतो." तर बाबा, तू खरंच उंटावर बसतोस का, आणि शेळ्या कोणाच्या? हा पहिला. दुसरा असा, की देवळाच्या तळीत उडी मारायला तू नको म्हणालीस म्हणून आतेभावानं तुला ‘शेळी’ म्हटलं. भित्र्या माणसाला शेळीच का म्हणायचं?

पहिल्याचं उत्तर, नाही. मी बसतो ती चाकांची खुर्ची, समोर संगणक, डोक्यावर एसी. उंट दिसतात ते गाडीच्या काचेतून. पण आजी खोटंही बोलत नाही. सुट्टीवरून परत निघायच्या आधी आपण दोघांनी परसात मानकुराद आंब्याचं कलम लावलं होतं, आठवतं? मी इकडे पोचतो न पोचतो तोच कुणाची तरी शेळी येऊन त्याचा शेंडा खाऊन गेली. तेव्हापासून माझे फोनवर हुकूम चालू. गडगा घाला, चिरे मागवा, दोन गडी बघा, काट्यांची वई नको, ती एका पावसात कुजते. आजीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "भर पावसात चिरे कोण आणून टाकतो? तू उंटावरून शेळ्या हाकू नको." स्वतः उंचावर आरामात बसायचं, पायाला माती लागू द्यायची नाही आणि लांबून दुसऱ्यांची कामं चालवायची, असा त्याचा अर्थ. म्हणजे बरोबर माझंच वर्णन.

आता आपल्या गोव्यात उंट कुठला? पण देशावर मराठ्यांच्या फौजांत ओझी वाहायला उंट असत, तातडीचे निरोप न्यायला सांडणीस्वार असत. म्हण तिकडून घाट उतरून आली असणार. आजीनं जन्मात उंट पाहिलेला नाही, तरी म्हण नेमकी जागेवर बसवली.

तुझं पत्र आल्यावर वाटलं, जरा बघून तरी यावं. म्हणून आज पहाटे दोघा मित्रांबरोबर निजव्याला गेलो. निजवा म्हणजे इथून दीडेक तासावरचं जुनं गाव. तिथला किल्ला त्याच्या भल्यामोठ्या गोल बुरुजासाठी प्रसिद्ध आहे. म्हापशाच्या बाजारासारखाच तिथला गुरांचा बाजारही शुक्रवारचा. विकणारे शेळ्या-बोकडांना दोरीला धरून गोल गोल फिरवतात आणि चालता चालता किंमत ओरडतात. घेणारे कडेला उभे. एखादी आवडली की हात करून थांबवायचं, ओठ वर करून दात बघायचे, कास चाचपायची, पाठीवरून हात फिरवायचा. एक म्हातारा शेळीचं तोंड उघडून बघत होता तेव्हा मला माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, आठवली. तीही असेच दात बघायची. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. दुधाचे पडून कायमचे येतात ते जोडीजोडीनं. म्हणून दोनदाती म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची, आठही आले की चारेक वर्षांची. विकणारा काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत.

उंटही होते बाजारात. एकाच्या बाजूला उभा राहिलो आणि त्याच्या पाठीवरून शेळ्या कशा दिसतील याचा अंदाज घेतला. आणि म्हण करणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडले. मेंढरं मान खाली घालून गवत खातात आणि एक जाते तिकडे सगळी जातात. त्यांना एखाद्या वेळी उंटावरूनही हाकता येईल. शेळीचं तसं नाही. तिला गवतापेक्षा पाला आवडतो, तिची मान वर. एक करवंदीच्या जाळीत शिरते, दुसरी मागच्या दोन पायांवर उभी राहून फांदी ओढते, तिसरी कुणाच्या तरी कुळागरात, सुपारीच्या बागेत, पोचलेली असते. जाळीखाली काय चाललंय ते उंटावरून दिसणार कसं? आपल्याकडे सत्तरीच्या, सांग्याच्या डोंगरांत गवळी-धनगर राहतात. ते कळपामागून पायीच चालतात, लांब काठीला बांधलेल्या कोयत्यानं पाला पाडत, जिभेनं टक् टक् करत. म्हण त्या चालणाऱ्यांच्या बाजूनं केलेली आहे.

तुझ्या पणजीची शेळी अशाच एका धनगराकडून आली होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. आणि हो, तू पत्रात ‘शेळीचं कोकरू’ लिहिलंस. कोकरू मेंढीचं, शेळीचं ते करडू. करडू मादी असली तर पाट, नर वाढला की बोकड. शेजारच्या काकी कोकणीत शेळीला ‘बोकडी’ म्हणतात. त्यांचं चुकत नाही, हसू नकोस.

चांदीला फणसाचा पाला लागायचा. दुसरं काहीही घाला, आधी वास घेणार, मग तोंड फिरवणार. शेळी काहीही खाते असं लोक म्हणतात, पण तिच्याइतकं चोखंदळ जनावर मी पाहिलं नाही. जमिनीवर पडलेलं, पायाखाली आलेलं ती सहसा खात नाही. म्हणून पाला दावणीत न टाकता जुडी करून टांगून ठेवायचा. शेळी गाभण राहिली की पाच महिने मोजायचे, दीडशे दिवस. चांदीला बहुतेक वेळा जुळी व्हायची. करडं दुसऱ्या दिवसापासून पडवीत उड्या मारायची आणि आजोबांच्या पोथीवर लेंड्या टाकायची. त्या लेंड्या गोळा करण्याचं काम माझं. सुकवून मिरचीच्या आणि तांबड्या भाजीच्या वाफ्यांत घालायच्या. मला किळस यायची, पण भाजी खाताना आठवण होत नसे.

शेळीला भीती कशाची, तर पावसाची. पहिला थेंब पडला की दावं तोडून घराकडे. आणि आपल्याकडे पाऊस म्हणजे चार महिने! चिखलात उभं राहिलं की खूर कुजतात. त्यासाठी पणजीनं गोठ्यात हातभर उंचीची बांबूची माच बांधून घेतली होती. वर शेळी कोरडी, खाली फटींतून लेंड्या पडणार. पावसाआधी आंत्रविषाराची लसही टोचायची, कारण नवं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की शेळ्या पटकन दगावतात. आता शेजारच्या सिंधुदुर्गात कोकण कन्याळ नावाची जात आहे. आपल्यासारख्याच दमट, पावसाळी हवेत ती तग धरते. पणजीच्या वेळी जातीबितीचं कुणी विचारत नसे. धनगर देईल ती शेळी.

एका चवथीची गोष्ट सांगतो, आजीला सगळी माहीत आहे. आदल्या रात्री गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधून झाली. सुपारीचे कातरे, आंबाडे, तवशी, रानातली फळं, सगळं लोंबतंय. घरातली माणसं दमून झोपली आणि दार नुसतं ओढलेलं राहिलं. पहाटे बघतो तर चांदी बाकावर चढून, पुढचे पाय भिंतीला लावून उभी, आणि माटोळीची एक बाजू अर्धी साफ. मोठे काका काठी घेऊन धावले. पणजी म्हणाली, "मारू नका. गणपतीआधी तिनं नैवेद्य चाखला, एवढंच झालं." मग मला काळोखात आंबाडे आणायला पिटाळलं.

आता सांग, हे जनावर भित्रं? मी तरी मानत नाही. सुळक्यासारख्या कड्यावर उभी राहते ती शेळी, बंद दाराची कडी नाकानं उघडते ती शेळी. इथून समुद्रापलीकडे इराण आहे. तिथल्या झाग्रोस डोंगरांत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसानं पहिल्यांदा शेळ्या पाळल्या. गाय दारात यायच्याही आधी. इतकी जुनी सोबतीण, आणि आपण भाषेत तिला दिलं काय? ‘शेळी’ म्हणजे भित्रट. आणि तू केस न विंचरता बसलीस की आजी म्हणते तो ‘अजागळ’ शब्द! अजा म्हणजे शेळी. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन मांसाचे लोलक लोंबतात, सडांसारखे, पण त्यांतून दूध येत नाही. त्यांना संस्कृतात ‘अजागलस्तन’ म्हणतात, म्हणजे निरुपयोगी वस्तू. त्यावरून आपला अजागळ. म्हणजे तुझे केस आणि शेळीचा गळा यांचं नातं आहे, ते असं.

शेळी भित्री ठरली, कारण ती नेहमी दुसऱ्याच्या ताटात गेली. एक जुना श्लोक आहे, पुढे शाळेत येईल:

अश्वं नैव गजं नैव व्याघ्रं नैव च नैव च ।
अजापुत्रं बलिं दद्यात् देवो दुर्बलघातकः ॥

बळी म्हणून घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच नको. द्यायचं ते शेळीचं पोर, देवसुद्धा दुबळ्यालाच मारतो. श्लोक करणारा देवावर चिडलेला दिसतो, आणि मला तो आवडतो. आपली म्हण तर त्याहून कडू, ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’. ती तुझ्या आतेभावाला ऐकव, रविवारी मटणाच्या शागोतीवर ताव मारत असेल तेव्हा. मीही मारतो म्हणा, त्यामुळे फार बोलायचा मला हक्क नाही.

महाभारतातली एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. शांतिपर्वात आहे. यज्ञात ‘अज’ अर्पण करावा असं वचन होतं. देव म्हणाले, अज म्हणजे बोकड. ऋषी म्हणाले, छे, अज म्हणजे बी, धान्य, जिवाला कशाला मारायचं? भांडण मिटेना. तेवढ्यात आकाशातून वसू नावाचा राजा चालला होता. त्याला आकाशात फिरता यायचं, म्हणून नाव उपरिचर, वरून फिरणारा. सगळे म्हणाले, हा सत्यवादी, हाच निवाडा करील. वसूनं आधी विचारलं, कोणाचं म्हणणं काय आहे? आणि मग देवांच्या बाजूनं कौल दिला, अज म्हणजे बोकडच. ऋषींनी शाप दिला आणि राजा आकाशातून पडला तो थेट जमिनीतल्या विवरात. पुढे विष्णूनं गरुडाला पाठवून त्याला वर काढलं. आज निजव्याहून परत येताना गाडीत माझ्या डोक्यात आलं, अगं, उंटाच्याही वरून शेळ्या हाकणारा हा पहिला!

इथे माझ्या खोलीत केरळचे दोघे आहेत. ते म्हणतात, आमच्याकडे शेळीची थट्टा नाही, तिच्यावर कादंबऱ्या आहेत. वैकम मुहम्मद बशीर यांची ‘पात्तुम्माची शेळी’, १९५९ सालची. त्यात बहिणीची शेळी लेखकाच्याच पुस्तकांच्या प्रती खाऊन टाकते. ती तुला मी वाचून दाखवीन. दुसरी बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम’, २००८ सालची. आखातात कामाला आलेल्या एका माणसाला वाळवंटात शेळ्यांमागे डांबून ठेवतात, त्याची. ती मोठी झाल्यावर. मी वाचली तेव्हा दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

तळीचं म्हणशील तर पोहायला येईपर्यंत उडी मारू नकोस. त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. मी आल्यावर आपण दोघं उतरू.

चवथीला येतोय, तिकीट काढलंय. पाऊस ओसरला की चिरे आणून गडगा मीच घालीन, तोवर आजी म्हणेल ते. तुला एक छोटं काम. शेळीनं खाल्लेल्या कलमाच्या बुडाशी वीतभर वर जाड गाठ दिसेल, तो सांधा. नवा फुटवा सांध्याच्या वरून आला असेल तर तो मानकुराद, त्याला हात लावू नकोस. सांध्याखालून आला असेल तर ते रायवळ, नखानं खुडून टाक. बघून कळव.

हेसुद्धा मी लांबूनच सांगितलंय असं आजीला सांगू नकोस.

तुझा,
बाबा