ड्रायव्हर 180 यार्डांवर अडकलाय? वेग नंतर, आधी फेसवरची खूण बघा

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी मला समजलं ते लिहितो. वय 47, पुण्यात खेळता, गोल्फला तीन वर्षं झाली, त्याआधी बरीच वर्षं क्लब क्रिकेट. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, चेंडू हवेत 180 यार्डांच्या पुढे जात नाही आणि जाता जाता उजवीकडे वळतो. दर आठवड्याला एखादा व्हिडिओ बघून स्विंगमध्ये काहीतरी बदल करून झालाय. नऊ अंश लॉफ्टचा (फेसचा मागे कललेला कोन), स्टिफ म्हणजे कडक शाफ्टचा (दांडीचा) नवा ड्रायव्हर घेऊन झालाय. सिम्युलेटरवरचे आकडे तुम्ही दिलेत: क्लबचा वेग ताशी 92 मैल, चेंडूचा वेग 122, स्पिन, म्हणजे चेंडूच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, 4200 च्या आसपास. आणि विचारलंय की वेग वाढवायला काय करू.

वेगाला इतक्यात हातच लावू नका. तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

एलपीजीए म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरचे, रडारने फटके मोजणाऱ्या ट्रॅकमन कंपनीने प्रसिद्ध केलेले सरासरी आकडे बरीच वर्षं सगळीकडे वापरले जातात. त्यात ड्रायव्हरचा क्लब वेग आहे ताशी 94 मैल. तुमच्यापेक्षा फक्त दोन मैल जास्त. चेंडूचा वेग मात्र 140, स्पिन 2600 च्या घरात आणि कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, 218 यार्ड. दोन मैलांच्या फरकाने जवळजवळ चाळीस यार्ड पडत नाहीत. ढोबळ हिशेब असा की क्लबचा वेग एक मैलाने वाढला, तर कॅरी अडीच यार्डांच्या आसपास वाढते. म्हणजे दोन मैलांचे झाले पाच यार्ड. उरलेले पस्तीस दुसरीकडेच गळतायत.

कुठे, ते चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की कळतं. याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त 1.5 च्या आसपास जातो, कारण फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या क्लबच्या पृष्ठभागाच्या, उसळीवर नियमानेच मर्यादा आहे. एलपीजीएच्या खेळाडूंचा 1.49 येतो, तुमचा 1.33. आहे त्याच वेगात हा आकडा 1.45 वर आला, तर चेंडू 133 ने सुटेल आणि कॅरी 200 च्या वर जाईल. जिममध्ये न जाता, नवं काही विकत न घेता वीसेक यार्ड.

स्मॅश फॅक्टर इतका खाली असण्याचं मुख्य कारण एकच असतं: चेंडू फेसच्या मध्यावर लागत नाही. हे सिम्युलेटरपेक्षा पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर चांगलं सांगतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाताना एक खिशात टाका. चेंडूवर रुपयाच्या नाण्याएवढा जाड ठिपका काढा, शाई ओली असतानाच ठिपका फेसकडे करून चेंडू टीवर ठेवा आणि मारा. ठिपका फेसवर उमटतो. फेसचा मोबाइलवर फोटो घ्या, फडक्याने पुसा, पुढचा चेंडू. पाच-सहा चेंडूंत चित्र स्पष्ट होतं. क्रिकेटमधून आलेल्या माणसाच्या खुणा बहुतेक वेळा हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, आणि खालच्या अर्ध्यात सापडतात. तुमच्याही तिथेच असतील असा माझा अंदाज आहे.

याचे परिणाम नीट समजून घ्या, कारण व्हिडिओंत हे फारसं येत नाही. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, बाहेरून फुगीर असतो आणि डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. त्यामुळे हीलवर लागलेल्या चेंडूला उजवीकडे वळणारा स्पिन मिळतो, तुमचा स्विंग सरळ असला तरी. फेसच्या खालच्या भागावर लागला की बॅकस्पिन वाढतो. चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि पडल्यावर पुढे पळत नाही. म्हणजे तुमचा स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) आणि ते 4200 स्पिन यांतला बराचसा भाग स्विंगचा नसून लागण्याच्या जागेचा असू शकतो. अशा वेळी तुम्ही स्विंगचा प्लेन (क्लब ज्या उतारात फिरतो तो) बदलत बसलात, तर मूळ दुखणं तिथेच राहणार.

आता रेंजवरच्या टीबद्दल. मॅटमधून वर आलेली ती रबराची नळी ठरावीक उंचीची असते आणि मोठ्या डोक्याच्या ड्रायव्हरसाठी बहुतेक ठिकाणी बुटकी पडते. क्लब जमिनीवर टेकवल्यावर चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबच्या माथ्याच्या वर दिसायला हवा. तो दिसत नसेल, तर खालच्या बाजूला लागणं जवळपास ठरलेलंच. मॅटवाल्या मुलाकडे उंच टी मागा. बहुतेक वेळा असते, फक्त कुणी मागत नाही. किंवा जिथे गवतावरून मारू देतात तिथे स्वतःची लाकडी टी लावा. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आतल्या बाजूला ठेवा आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली राहू द्या. एवढं केल्यावर पुन्हा ठिपक्यांचे फोटो घ्या. खुणा नुसत्या वर सरकल्या तरी चेंडूचं उडणं बदललेलं दिसेल.

हीलकडे लागण्याचं मूळ मात्र तुमच्या क्रिकेटमध्ये असावं, आणि तिथे जरा वेळ द्यावा लागेल. बॅटचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत असतं. स्ट्रेट ड्राइव्ह मारताना वरच्या हाताचा कोपर उंच ठेवून पातं चेंडूकडे पूर्ण दाखवत न्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून घोटवलेलं असतं. गोल्फ क्लबचं डोकं शाफ्टच्या एका बाजूला बसवलेलं असतं. बॅकस्विंगमध्ये ते उघडतं आणि खाली येताना त्याने परत मिटायला हवं. डावा कोपर उंच धरून पुढे ढकलला की ते मिटत नाही, फेस उघडा राहतो. दुसरी सवय पुढे जाऊन चेंडू गाठण्याची. क्रिकेटमध्ये डोकं चेंडूवर नेलं की शाबासकी मिळते. ड्रायव्हर मारताना डोकं आणि छाती चेंडूच्या पुढे गेली, तर क्लब वरून आणि बाहेरून उतरतो, हात शरीरापासून लांब जातात आणि चेंडू हीलवर येतो. बॅकस्विंगनंतर वजन डाव्या पायावर जरूर जाऊ द्या, पण डोकं चेंडूच्या मागेच राहिलं पाहिजे.

ग्रिपही तपासा. बॅटचा दांडा तळव्यात धरायची सवय असते. गोल्फमध्ये डाव्या हाताची ग्रिप बोटांच्या मुळाशी बसते. चेंडूपाशी उभे राहून खाली बघितल्यावर डाव्या हाताचे दोन, हवं तर तीन सांधे दिसायला हवेत आणि दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीतली इंग्रजी व्ही अक्षरासारखी घडी उजव्या खांद्याकडे बघायला हवी. एकच सांधा दिसत असेल, तर फेस मिटवायला मनगटांना फार कसरत करावी लागते. नवी ग्रिप आठवडाभर चुकीचीच वाटेल, चेंडू डावीकडेही जातील. जाऊ द्या. डावीकडे जाणारा चेंडू सध्या तुमच्यासाठी चांगली बातमी आहे.

तुम्ही लिहिलंय की स्लाइस धरून चालता आणि डावीकडे निशाणा धरून मारता. हे आधी थांबवा. चेंडू सुटतो तो मुख्यतः इम्पॅक्टच्या क्षणी फेस जिकडे बघतो त्या दिशेला, आणि फेस व क्लबचा मार्ग यांत जितका फरक तितका तो वळतो. जुनी पुस्तकं हे उलट सांगायची, रडार आल्यापासून तो वाद मिटला. तुम्ही खांदे डावीकडे उघडले की क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस त्याच्या मानाने आणखी उघडा पडतो आणि चेंडू आणखी जोरात वळतो. म्हणून निशाणा सरळ धरा. चेंडूच्या फूटभर मागे आणि निशाण्याच्या रेषेच्या जरा बाहेर चेंडूंचा रिकामा खोका ठेवा आणि अर्ध्या जोरात मारा. खोका उडाला म्हणजे क्लब बाहेरून आला. पुठ्ठ्याचाच ठेवा, काही कठीण ठेवून मनगट दुखावून घेऊ नका.

(‘डोकं खाली ठेवा साहेब’ हा कॅडीलोकांचा सल्ला प्रत्येक फसलेल्या फटक्याला मिळतो. तो मनावर घेऊ नका. चेंडू टॉप होण्याचं, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागाला लागण्याचं, कारण बहुतेक वेळा डोकं उचलणं नसतं, शरीर मध्येच उभं होणं किंवा हात आखडणं असतं. हनुवटी छातीत रुतवून ठेवली, तर खांदे फिरायला जागाच राहत नाही.)

नवा ड्रायव्हर विकायला काढायची गरज नाही. शाफ्ट बसतो तिथे पाना लावून लॉफ्ट बदलता येत असेल, तर तो वाढवून साडेदहाच्या जवळ न्या. लॉफ्ट वाढवल्यावर फेस किंचित मिटतो, ते तुमच्या फायद्याचंच आहे. नऊ अंश आणि स्टिफ ही जोडी 92 मैलांच्या वेगाला सहसा मानवत नाही. शाफ्ट बदलायचाच असेल, तर खुणा मध्यावर यायला लागल्यावर बदला. आज फिटिंग केलंत, म्हणजे मापाने क्लब बसवून घेतलात, तर ते तुमच्या चुकलेल्या फटक्याला होईल.

वेगाचं काम यानंतर, आणि वेगळ्या दिवशी. चेंडूंच्या एकाच बादलीत नीट लागावं म्हणून हळू मारणं आणि वेगासाठी जीव खाऊन मारणं हे दोन्ही केलं, तर दोन्ही बिघडतं. वेगासाठी चेंडू लागतच नाही. ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याजवळ पकडा आणि मोकळा फिरवा. ‘स्सूं’ असा आवाज कुठे येतो ते ऐका. उजव्या बाजूलाच आला, तर जोर वरच संपतोय. चेंडू असता त्या जागी किंवा त्याच्या जरा पुढे यायला हवा. आठवड्यातून दोन-तीनदा, अंग गरम करून, मोजकेच पण पूर्ण ताकदीचे स्विंग, मध्ये विश्रांती. जोडीला पाठीचा वरचा भाग आणि खुबे मोकळे करणारे व्यायाम. सत्तेचाळिसाव्या वर्षी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा वेग बहुतेक तिथेच अडलेला असतो.

मित्र 240 मारतात म्हणता. मे महिन्यात, कडक झालेल्या फेअरवेवर, उताराला? रोल, म्हणजे पडल्यावरचं पळणं, धरून? फक्त कॅरी मोजा. पावसाळ्यात चेंडू पडला तिथेच रुततो, तेव्हा सगळ्यांचं खरं अंतर कळतं. रेंजचे झिजलेले चेंडू तसेही कमी जातात. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. इथे चेंडू चेंबूरच्या कोर्सपेक्षा दोनेक टक्के लांब जातो. सिम्युलेटरमध्ये कोणती उंची भरलीय ते विचारून घ्या. आणि अंतराचं फारच मनाला लागत असेल, तर आपली गोल्फर अदिती अशोक आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचा ड्रायव्हर बरोबरीच्या बहुतेकींच्या मागे पडत होता, तरी ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. ती सगळी करामत वेज (जवळून चेंडू उचलून मारायचा क्लब) आणि पटरची (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) होती. तुमच्या प्रश्नात त्या दोघांबद्दल अक्षरही नाही.

व्हिडिओ काही दिवस बंद ठेवा. प्रत्येक शिक्षक वेगळ्या दुखण्यावर औषध सांगत असतो आणि तुम्ही सगळी एकत्र घेताय. एकच कोच धरा. इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकादमीचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे फेसवरच्या खुणांचे फोटो ठेवा. ते न बघता जो लगेच बॅकस्विंग बदलायला घेईल, त्याच्याकडे दुसरा क्लास लावू नका.

शेवटी, डाव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते जाता जाता लिहिण्यासारखं वाटत नाही. काँक्रीटवर अंथरलेल्या मॅटवर आयर्न (जमिनीवरून मारायचे लोखंडी क्लब) मारून हे दुखणं बऱ्याच जणांना जडतं. क्लब मॅटवर आपटतो, तो हादरा थेट कोपरात जातो. ग्रिप घट्ट आवळून धरणाऱ्यांना जास्त. डॉक्टरांना दाखवून येईपर्यंत मॅटवरचे आयर्न बंद, बादल्याही बंद. तोवर घरी ग्रिप धरायचा सराव आणि गालिच्यावर पटिंग, एवढंच करा. फोटो काढाल तेव्हा इथेच टाका, चेंडू रेंजचे होते की स्वतःचे तेही लिहा.