चट्टे, मलम आणि दुसरी बायोप्सी

प्रश्न : आम्ही केळी उत्पादक आहोत. माझ्या वडिलांच्या (वय 61) कमरेवर व मांड्यांवर पाच वर्षांपासून खाजणारे चट्टे आहेत. नायटा समजून मेडिकलमधून आणलेली मलमे लावत राहिलो. पहिल्या बायोप्सीच्या अहवालात ‘इसब’ असे होते. दुसऱ्यात ‘मायकोसिस फंगॉइडिसची शक्यता’ लिहिली आहे. कोणता अहवाल खरा मानावा?
– एक वाचक, रावेर (जि. जळगाव)

उत्तर : पहिला अहवाल चुकीचाच होता असे समजू नये. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतील टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, संथ वाढणारा कर्करोग आहे. तो बुरशीने होत नाही आणि एकापासून दुसऱ्याला लागत नाही. सुरुवातीला या पेशी इतक्या थोड्या असतात आणि साध्या दाहातील पेशींत इतक्या मिसळलेल्या असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली इसबच दिसतो. त्यामुळे निदानाला अनेकदा कित्येक वर्षे लागतात.

तुमच्या पत्रातील मलमांचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नायट्यावर सर्रास विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज शमते, पण ज्या पेशी तपासायच्या त्याही विरळ होतात. म्हणून पुन्हा बायोप्सी करावी लागल्यास डॉक्टरांना विचारून मलम दोन ते चार आठवडे आधी थांबवावे आणि वेगवेगळ्या चट्ट्यांतून एकाहून अधिक तुकडे घ्यावेत, अशी विनंती करावी.

आताच्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरील प्रथिने रंगवून ओळखण्याची चाचणी, करतात. तीत सीडी3, सीडी4, सीडी8, सीडी7 अशा खुणा पाहिल्या जातात. यांपैकी सीडी7 नाहीशी होणे संशय वाढवते. टी-पेशी रिसेप्टरच्या जनुकांच्या चाचणीने पेशी एकाच मूळ पेशीपासून वाढल्या आहेत का, हे कळते; तसे असल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. मात्र तसा पुरावा कधी साध्या दाहातही मिळतो, तर कधी खऱ्या रोगात सुरुवातीला मिळत नाही. म्हणून कोणताही एक कागद निर्णायक नसतो. चट्टे प्रत्यक्ष पाहणारे त्वचारोगतज्ज्ञ आणि तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक असते. चट्टे बधिर नाहीत ना, हेही तपासून घ्यावे, कारण आपल्याकडे कुष्ठरोगाची शक्यता वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घेणार असाल, तर केवळ अहवाल नेऊ नका. दोन्ही बायोप्सींच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) प्रयोगशाळेकडून मागून घ्या, आणि लावलेल्या सर्व मलमांच्या रिकाम्या ट्यूबही सोबत ठेवा.