अंतर तेच, मग येताना एक तास कमी कसा?

प्रश्न: लंडन ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर साधारण ५,५४० किलोमीटर दाखवतात. स्पीड ९०० धरला तर सहा तासांच्या जरा वर होतात, पण तिकिटावर जाताना आठ तास आणि येताना सात असं आहे. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का? आणि सीटसमोरच्या मॅपवर विमान सरळ न जाता वरून वळसा घेऊन का जातं?

उत्तर: पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो हे खूप जणांना वाटतं, पण ते तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. शिवाय तसं असतं तर उलटंच झालं असतं बघा, पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे न्यूयॉर्कहून निघाल्यावर लंडन पुढे पुढे पळालं असतं आणि यायलाच जास्त वेळ लागला असता.

खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात (त्याची दिशा ठरण्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे). समजा वारा ताशी १५० चा आहे, तर जाताना ९०० मधून १५० वजा म्हणजे ७५०, साडेसात तासांच्या आसपास, आणि येताना १,०५० म्हणजे सव्वापाच तास. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड (म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा स्पीड) येतो तो जाताना आणि येताना लिहून ठेवा, फरक लगेच कळेल.

तिकिटावरची वेळ यापेक्षा जास्त दिसते कारण ती गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला स्पीड आणि उशीर झालाच तर म्हणून ठेवलेली थोडी मिनिटं, सगळं आलं.

वळशाचं म्हणाल तर तो वळसा नाहीच. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, तो आपोआप वर कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूने जातो, तोच सगळ्यात जवळचा रस्ता. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की तो वाकडा दिसतो एवढंच. वारा बघून रोजचा रस्ता थोडा इकडेतिकडे करतात, म्हणून प्रत्यक्ष अंतर ५,५४० पेक्षा जरा जास्तच भरतं.

आणि एक, दोन्हीकडची घड्याळं वजा करून वेळ काढू नका. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचलात तर प्रवास तीन तासांचा नाही, आठ तासांचा, कारण घड्याळात पाच तासांचा फरक आहे. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं आधी पुढे करतात आणि ब्रिटनमधली महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे हा फरक चारच तासांचा असतो, त्या दिवसांत जाणार असाल तर नीट बघून घ्या.